पाण्यासाठी सोडलेलं मटण

आमच्या जयपूरच्या संसाराचा पाया एका अक्षराच्या खोट्यावर घातला गेला, आणि ते खोटं बोललं गेलं तेव्हा मी तिथंच बसून लिमलेटची गोळी चघळत होते. आप्पा विमा कंपनीत अधिकारी. आम्ही मूळचे तासगावकडचे. आप्पांची बदली झाली तसे आम्ही तिघं, म्हणजे आप्पा, आई आणि मी, जयपूरला स्टेशनजवळच्या एका लॉजवर येऊन पडलो, आणि दीड महिना रोज संध्याकाळी घरं बघत हिंडलो. प्रत्येक ठिकाणी आधी आडनाव विचारत, मग गाव, आणि मग जरा घसा साफ करून खाणं. आप्पा खरं सांगत. 'कभी-कभी मटन होता है, घर में' असं ते इतक्या सरळपणानं म्हणत, की समोरच्यालाच अवघडल्यासारखं होई. मग पाणी मिळे, कधी चहाही मिळे, घर मात्र मिळत नसे. अशी आठ घरं झाली. लॉजच्या पाण्यानं मला कावीळ झाल्याची पहिली लक्षणं दिसायला लागली होती. नववं घर सोडाला भागातलं. मालकांचा विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीत लोखंडी कपाटांचा कारखाना होता. स्वच्छ धोतर, शांत आवाज. त्यांनी चहाचा कप पुढे सरकवत विचारलं, "शुद्ध शाकाहारी हो ना, साहब?" आणि आप्पा म्हणाले, "जी." आईनं पदर सारखा केला. मी गोळी कडकन फोडली. त्याच आठवड्यात आमचं सामान आत आलं.

मालकांना सगळी गल्ली बाबूसा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला भाभीसा. खाली ते दोघं राहत, मधल्या मजल्यावर आम्ही, आणि गच्चीवरच्या एका खोलीत सिस्टर मरियम्मा. सिस्टर केरळच्या, एका इस्पितळात नर्स होत्या. घराला एक रोजचा ठरलेला आवाज होता. पहाटे नळाला पाणी येई तेव्हा तिन्ही मजल्यांवर बादल्या सरकायच्या, मग भाभीसा गच्चीवर कबुतरांना ज्वारी टाकायच्या आणि त्यांच्या फडफडाटानं माझी झोप पुरती मोडायची, मग सिस्टरच्या रबरी चपलांची चटचट जिन्यावरून खाली उतरायची, कारण ड्यूटीला जाण्याआधी त्या भाभीसांना साखरेची, म्हणजे इन्शुलिनची, सुई द्यायच्या. उन्हाळ्यात दिवसभर कूलर घरघरत असे आणि त्याच्या वाळ्याच्या ताटीचा ओला वास सगळ्या खोल्यांत भरे. भाभीसा वाईट बाई नव्हत्या. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणालाही तसं वाटेल. माझ्या काविळीत त्यांनी ताकाची कासंडी रोज वर पाठवली, आणि सिस्टरनी ड्यूटीवरून आल्यावर तासन्‌तास माझ्या उशाशी बसून मला उसाचा रस घोट घोट पाजला. त्या आजारपणात मला कळलं, की सिस्टरनी ही खोली घेताना बाबूसांना समोर बसून सांगितलं होतं, "मैं मच्छी खाती है, अंडा खाती है. पर आपके घर में नहीं पकाएगी. बाहर खाएगी." सुई टोचायला घरात नर्स हवी होती, म्हणून बाबूसांनी मान हलवली होती. त्या घरातलं खरं बोलणारं माणूस ते एकच. सिस्टर इस्पितळाच्या कँटीनमध्ये जेवून यायच्या आणि खोलीत फक्त चहा आणि कांजी करायच्या.

आम्ही मात्र बाहेर खायला जयपूरजवळच्या चौमूं गावी जायचो. आप्पांच्या हाताखाली तिथं एक विमा प्रतिनिधी होते, शेखावतकाका. त्यांच्याकडे मटण अंगणात शिजायचं, आणि ते शिजवायचे पुरुष. काकूंनी जन्मात मटणाला हात लावला नव्हता, ती पातेली त्या घराच्या उंबऱ्याच्या आतही येऊ देत नसत. अंगणात तीन विटांची चूल, लाल मिरच्यांचा उभा ढीग, आणि मिशांना फडकं बांधून परतणारे काका. आई पहिल्यांदा ते बघून इतकी हसली की तिला ठसका लागला. "आमच्याकडं बायकांनी रांधायचं आन् पुरुषांनी नावं ठेवायची," ती म्हणाली, "हितं उलटंच बरं हाय." महिन्यातून दोन रविवार आम्ही सकाळच्या बसनं जायचो. भाभीसांना आईनं सांगून ठेवलं होतं, की चौमूंच्या पुढं डोंगरावर हनुमानाचं देऊळ आहे, तिथं आप्पांचा नेम आहे. भाभीसांनी ते इतकं मनावर घेतलं, की दर वेळी आपल्या वतीनं वाहायला नारळ देऊ लागल्या. आता नारळ घेतला म्हणजे देऊळ आलंच. मग आम्ही खरोखरच आधी डोंगर चढायचो, घामाघूम होऊन उतरायचो आणि मग मटण खायचो. परतीच्या बसमध्ये आई आम्हा दोघांच्या हातावर बडीशेप ठेवायची, ती चघळत आम्ही गल्लीत शिरायचो, आणि प्रसाद भाभीसांच्या हातात जायचा. खाई त्याला खवखवे म्हणतात. आम्हाला बाबूसांच्या साध्या 'राम राम साहब'मध्येही खोकल्याची उबळ यायची.

मी कॉलेजात गेले त्या वर्षी पाऊस आलाच नाही. चौमूंच्या रस्त्याला बस थांबे तिथं बायकांच्या घागरींची रांग लागलेली असे. रांग कसली, नुसत्या घागरीच असत. बायका झाडाखाली बसलेल्या आणि त्यांच्या जागी घागरी उभ्या. एका रविवारी आमच्या बससमोरून एक टँकर आला. बायका उठल्या, लुगडी सावरत धावल्या. टँकर त्यांच्यापाशी थांबलाच नाही. तो पुढं जाऊन एका लांबलचक पत्र्याच्या शेडच्या फाटकात वळला. ती कोंबड्यांची शेड होती. आमची बस तिथंच कशासाठी तरी अडकून पडली, आणि मी खिडकीतून बघत राहिले. आत पाइप लागला. बायका फाटकापर्यंत जाऊन उभ्या राहिल्या, मग एक एक करून परत आपापल्या घागरीपाशी आल्या. त्यांच्यातली एकही भांडली नाही. मला ते न भांडणंच सोसेना. कॉलेजात अर्थशास्त्राच्या मॅडम सांगायच्या की ताटात काय आलं ते बघू नका, ते येताना कुणाच्या ताटातून काय उचललं गेलं ते बघा. ते वाक्य मी वहीत लाल शाईनं लिहून ठेवलं होतं, आणि तोवर ते मला फक्त परीक्षेपुरतं वाटत होतं. त्या दुपारी शेखावतकाकांच्या अंगणात मी ताट दूर सारलं आणि जाहीर केलं की आजपासून मी मांस, मच्छी, अंडं काहीही खाणार नाही. धर्म म्हणून नाही, दया म्हणून नाही, बहिष्कार म्हणून.

सतरा वर्षांच्या मुलीनं बहिष्कार हा शब्द उच्चारला की मोठी माणसं जशी गप्प होतात तशी सगळी झाली. मग काकांनी डावानं रस्सा ढवळत विचारलं, "बाईसा, मुर्गी की बात समझ में आई. पर बकरे ने आपका क्या बिगाड़ा? हमारे यहाँ बकरी को दाना-पानी कौन देता है, काँटे खाती है, ओस चाटती है. सूखे में गरीब के पास वही तो बचती है." मी म्हणाले, "काका, कहीं से तो शुरू करना पड़ेगा ना." आज मी त्यांच्याशी वाद घालणार नाही, त्यांचं बरंचसं खरं होतं. पण त्या वयात अर्ध्या गोष्टी सोडता येत नाहीत. आईला मात्र ते मनाला लागलं. वादातलं तिला काही नको होतं. महिनाभर वाट बघून दोन रविवार यायचे, त्यात तिला माझ्या ताटात नळी वाढायची असायची. "पाणी त्या बायांना मिळायला पाहिजे हे मला पटतंय," ती बसमध्ये म्हणाली, "पर तू एकटी उपाशी राहून त्यांची घागर भरनार हाय का?" आणि जरा वेळानं, "खाल्लं न्हाईस तर न्हाईस. तोंड पाडून बसू नको." आप्पा हसले. म्हणाले, "असू दे गं. आपल्यात एक तरी खरं शाकाहारी झालं." विनोद म्हणून बोलले. पण त्या दिवसापासून त्यांचा खांदा जरा सैल झालेला मला दिसला. आता कुणी विचारलं तर बोट दाखवायला घरात एक जण होती.

हे लिहितेय त्याच्या मागच्याच आठवड्यात माझ्या मुलीचा पुण्याहून फोन होता. ती भाड्यानं फ्लॅट बघतेय. "आई, यांच्या फॉर्मवर रकाना आहे, व्हेज की नॉनव्हेज. मी व्हेज लिहू ना? तू आहेसच की." मी म्हटलं, मी आहे, तू कुठं आहेस? ती म्हणाली, "अगं, तेवढ्यानं काय होतंय." तिला ही सगळी हकीकत फोनवर सांगता आली नाही, म्हणून तर हे लिहायला बसले.

हिवाळ्यात कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत मी ह्याच विषयावर बोलले. टँकर, घागरी, शेड, सगळं. पहिलं बक्षीस मिळालं आणि स्थानिक पेपरात चार ओळी आल्या, 'शाकाहार पर छात्रा का ओजस्वी भाषण'. टँकरचा त्यात उल्लेखही नव्हता. बाबूसांनी ते कात्रण कापून देवघराशेजारी लावलं. मला बोलावून डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, गल्लीच्या समितीचा कार्यक्रम आहे, तिथं हेच भाषण कर. नाही म्हणावं असं मला वाटलंच नाही. उलट वाटलं, आता मोठ्या माणसांना सांगायचं. हॉलमध्ये सतरंज्या, समोर पांढऱ्या गाद्या, तक्क्याला टेकलेले समितीचे अध्यक्ष. मी जीव तोडून बोलले. शेडचा रस्ता, वळण, फाटकाचा रंगसुद्धा सांगितला. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी माझ्या अंगावर शाल घातली आणि माइकवरून म्हणाले की ह्या मराठी कन्येनं आपल्याला आपल्याच संस्कारांची आठवण करून दिली. खाली उतरल्यावर मी त्यांना विचारलं, "अंकलजी, उस टँकर का कुछ हो सकता है?" ते मनमोकळं हसले. "बेटा, वो शेड हमारे साले साहब की है. हम तो अंडे को हाथ नहीं लगाते. व्यापार अलग चीज़ है." त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नव्हतं. मी शालीची टोकं धरून तशीच उभी राहिले.

तिथंच मी शाल परत करायला हवी होती. पण भाभीसा मला बघून डोळे पुसत होत्या, आप्पा दुसऱ्या रांगेत ताठ बसले होते, आणि मला लाज वाटली. चार दिवसांनी बाबूसा एक कोरा ताव घेऊन वर आले. माझं हिंदी अक्षर वळणदार होतं. माझ्या भाषणातलेच दोन परिच्छेद स्वच्छ लिहून द्यायचे, ते छापून घरोघर लावायचे होते. मी आनंदानं लिहायला बसले. टँकरचा परिच्छेद त्यांनी 'लंबा हो जाएगा' म्हणून गाळायला सांगितला, तो गाळला. शेवटी ते म्हणाले, "अब नीचे दो पंक्तियाँ समिति की," आणि सांगू लागले. 'इस गली के मकानों में केवल शाकाहारी परिवार ही रहेंगे. अन्य किरायेदार एक माह में स्थान खाली करें.' मी लिहीत गेले. 'केवल' लिहिताना हात जरा थांबला, कारण मला वाटलं, हे आपल्याबद्दल आहे, यांना कळलं. मग बाबूसा मायेनं म्हणाले, "तुम्हारे जैसे परिवार हों तो समिति को लिखना ही क्यों पड़े," आणि मला हायसं वाटलं. हे हायसं वाटणं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सिस्टरचा विचार माझ्या मनात आलासुद्धा नाही. चोराच्या मनात चांदणं असतं, आणि त्या उजेडात त्याला फक्त स्वतःच दिसतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भाजी घेऊन येत होते, तर सिस्टर फाटकाशी उभ्या. पांढरी साडी, खांद्याला पिशवी, ओठ हलवत हळूहळू कागद वाचत होत्या. हिंदी वाचायला त्यांना वेळ लागायचा. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "अच्छा लिखावट है, मोळे." मोळे म्हणजे मुली, त्या मला तसंच म्हणायच्या. अक्षर माझं आहे हे त्यांनी ओळखलं होतं, माझ्या वह्या त्यांच्या खोलीत पडलेल्या असायच्या. त्या रागावल्या नाहीत. जिन्यात थांबून त्यांनी मला एकच गोष्ट मागितली. "तुम रोज मेरे कमरे में आता है. बाबूसा को इतना बोलो कि सिस्टर ने तीन साल में इधर कुछ नहीं पकाया. मेरा बोला हुआ वो नहीं मानेगा. तुम्हारा मानेगा." मी म्हटलं, बोलते. अगदी सहज म्हटलं.

घरात येऊन आप्पांना सांगितलं. आप्पांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बोल की," ते म्हणाले. "मग ते विचारतील, तुला बरं एवढं ठाऊक, कोण कुठं काय खातं ते. मग समितीचा कुणीतरी म्हणेल, साहेबांचंही विचारून घ्या, कोल्हापूर-सांगलीकडचे आहेत. मग काय सांगू? पुन्हा जी म्हणू?" "मी आठ घरांत खरं बोललो, वैजू. त्याचं काय झालं ते तू बघितलंस." मग ते खाली बघत म्हणाले, की हे घर गेलं तर वर्षाच्या मध्येच दुसरं मिळायचं नाही, मला आणि आईला तासगावला पाठवावं लागेल. त्याचा अर्थ मला पाठ होता. तासगावला थोरले काका होते, त्यांनी माझ्यासाठी एक स्थळ बघून ठेवलेलं होतं, द्राक्षबागायतदार, आणि कॉलेज ही गोष्ट त्यांच्या लेखी लग्न होईपर्यंतचा टाइमपास होता. मी आईकडे बघितलं. ती कणीक तिंबत होती. "मला विचारू नको बाई," ती म्हणाली. "विचारलंस तर मी गप बस म्हनीन, आन् मग जन्मभर तू माझ्याकडं बोट दाखवशील." ह्याच सिस्टरनी लेकीसारखं माझं गू-मूत काढलं होतं, हे तिला काय ठाऊक नव्हतं? कणकेवर तिचे हात नेहमीपेक्षा जोरात पडत होते, एवढंच.

तो महिना मी कसा काढला ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मी रोज ठरवायचे, आज सांगायचं, आणि रोज खाली उतरून बाबूसांसमोर उभी राहिले की 'राम राम' म्हणून परत यायचे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं होतं. बोलले तर माझं शिक्षण जाणार, गप्प बसले तर सिस्टरची खोली जाणार, आणि मांस न खाण्यातलं माझं जे काही राजकारण होतं ते तर केव्हाच फाटकावर उलटं चिकटवलं गेलं होतं. मी न खाल्लेला प्रत्येक घास आता त्या कागदाच्या बाजूनं मत देत होता. रात्री आईनं पिठलं वाढलं तरी मला ते बाबूसांचंच वाटायचं. सिस्टर जिन्यात भेटायच्या, विचारायच्या नाहीत. त्यांच्या न विचारण्याची मला इतकी भीती बसली की त्यांच्या चपला वाजल्या की मी दार लोटून घ्यायचे.

शेवटचे दोन दिवस उरले तेव्हा मला एक वेड सुचलं. सोडाल्याच्या तिठ्यावर उकडलेल्या अंड्यांची गाडी लागायची. तिथून मी दोन अंडी घेतली, रुमालात गुंडाळली, आणि संध्याकाळी गच्चीवर गेले. सिस्टर ट्रंक भरत होत्या. मी त्यांच्यासमोर खाटेवर बसले आणि रुमाल उघडला. म्हटलं, "सिस्टर, आज मैं आपके साथ अंडा खाऊँगी. मैं उन लोगों में से नहीं हूँ." मला वाटत होतं, माझ्या आयुष्यातली ही सर्वांत धाडसी गोष्ट आहे. एवढा नेम मोडायचा म्हणजे काय. सिस्टरनी आधी दार लावून घेतलं. मग माझ्याकडे जे बघितलं ते मी अजून विसरलेले नाही. "तीन साल में इस कमरे में एक अंडा नहीं आया," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आज तुम लाया. अभी कोई ऊपर आएगा तो क्या बोलेगा? सिस्टर के कमरे में अंडा मिला. मैंने जो बोला था, वो झूठ हो जाएगा." मी रुमालाची गाठ पुन्हा बांधायला लागले, ती बसेना. त्यांनी माझे हात बाजूला करून स्वतः बांधली, बँडेज बांधतात तशी, चपटी आणि घट्ट. म्हणाल्या, "तुमको नहीं खाना है तो मत खाओ, वो अच्छा बात है. मेरे वास्ते खाने को किसने बोला? मैंने बोलने को बोला था."

मी जिना उतरले तो थांबलेच नाही, थेट खाली गेले. थांबले असते तर आमच्या दारात शिरले असते. भाभीसा ओसरीवर बसून चादरीवर वाळलेल्या मंगोड्या, मुगाचे सांडगेच ते, वेचून डब्यात भरत होत्या. बाबूसा कारखान्यातून यायचे होते. मी समोर बसले, रुमाल मांडीवर. म्हटलं, "भाभीसा, हम शाकाहारी नहीं हैं. मतलब, मैं हूँ, अब हूँ. आई-आप्पा नहीं हैं. पहले दिन आप्पा ने झूठ बोला था." मनात मी आमचं सामान ट्रकमध्ये चढवून सुद्धा टाकलं होतं.

भाभीसांचा हात थांबला नाही. "मुझे पता है, बाईसा," त्या म्हणाल्या. "चौमूं की बस से उतरकर तुम तीनों सौंफ चबाते आते हो. हनुमानजी के यहाँ से सौंफ चबाता कौन आता है?"

"और बाबूसा को?"

"मुझे उन्होंने ही तो बताया."

मी विचारलं, मग आम्हाला काढलं का नाही? त्यांनी मंगोडी उचलून उजेडात धरली, खडा आहे का बघितला. "क्यों निकालते? तुम्हारे आप्पा ने हमारा मान रखा. जो किया, परदे की ओट में किया. सिस्टर ने सामने बैठकर कह दिया कि मैं खाती हूँ. जिसने मुँह पर कह दिया, उसका अब कोई क्या करे?"

"पर सिस्टर ने यहाँ कभी कुछ नहीं पकाया."

"वो भी सबको पता है."

मी रडायला लागले. रागानं की कशानं, ठाऊक नाही. म्हटलं, बाबूसांना सांगा, तुमचं ऐकतील. त्या पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघत म्हणाल्या, "मेरी सुई परसों से कौन लगाएगा, यह मुझसे किसी ने पूछा? तेरा लिखा कागज़ है, बेटा, अब वो पूरी गली का हो गया." मग त्यांची नजर माझ्या मांडीवरच्या रुमालाकडे गेली. त्यांना वास आला असणार. "ये बाहर डाल आ. छिलके नाली में मत फेंकना, जमादारनी देखेगी." एवढं बोलून त्या पुन्हा वेचायला लागल्या. मी कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटात जाऊन अंडी टाकली. भुंकत दोन कुत्री आली. घरी येऊन आप्पांना सगळं सांगितलं, आणि त्यांनी माळ्यावरची रिकामी खोकी खाली काढली.

दोन दिवसांनी सिस्टर गेल्या. एक ट्रंक, एक वळकटी, स्टोव्ह. रिक्षात सामान मीच ठेवलं. मी त्यांना सांगितलं की मी बोलले, पण उशीर झाला. त्यांनी माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "पढ़ाई करना." माफ केलं की नाही ते मला त्या हातातून कळलं नाही, आणि पुढे विचारायला त्या कुठे भेटल्या नाहीत. इस्पितळात चौकशी केली तेव्हा कळलं की त्या गावाकडे बदलून गेल्या.

खोकी महिनाभर दारामागं उभी होती. आप्पा रोज वाट बघायचे की आज बाबूसा वर येतील. बाबूसा रोज सकाळी फाटकाशी भेटायचे, हात जोडायचे, 'राम राम साहब' म्हणायचे. होळीला त्यांच्याकडून नेहमीसारखी मिठाई आली. शेवटी आईनं ती खोकी रद्दीवाल्याला दिली. मी मांस आजही खात नाही. माझी कारणं त्या टँकरइतकीच माझी आहेत. तरी कुणी कौतुकानं 'अरे वा, शाकाहारी' म्हणालं की मी घाईघाईनं कारणं सांगायला लागते, आणि ती ऐकायला सहसा कुणी थांबत नाही. पुढच्या हिवाळ्यात समितीनं मला पुन्हा भाषणाला बोलावलं. मी गेले. टँकरचा भाग ह्या वेळी मी स्वतःहूनच गाळला. त्या घरात आम्ही आणखी तीन वर्षं राहिलो. आम्हाला कुणीही जा म्हणालं नाही.